मीटरच्या आधी

माझा जावई मोजणीदार आहे. जमिनी मोजतो. समोर काहीही आलं की त्याची लांबी-रुंदी काढल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. लग्नाआधी पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा चहा पिता पिता त्यानं सांगितलं की तुमचं स्वयंपाकघर दोन अंशांनी तिरकं आहे. मी मागाहून तपासलं. ते खरं निघालं, आणि तेव्हापासून तो मला आवडत नाही.

असल्या माणसानं एक दिवस बत्तीस फुटी शिडाची जुनी बोट विकत घेतली. नवराबायकोनं वर्षभराची रजा काढून समुद्रावर निघायचं, असं ठरलं. आमच्याकडे बातमी आली ती सगळं ठरून झाल्यावर. आमची ही म्हणाली, "माणसं घर बांधतात, हे घर सोडून डबक्यात राहायला निघालेत." मीही दोन-चार खवचट शब्द बोलून घेतले.

मग आमची लेक एकटीच आली. माझ्या खुर्चीसमोर खाली बसली. म्हणाली, "बाबा, बोटीवरची वीज तुम्ही करून द्या. तुमच्याएवढं कुणाला कळतं त्यातलं?"

"तुझ्या नवऱ्याला सगळंच कळतं ना?"

"त्याला मोजता येतं. करता नाही येत." मग जरा थांबून म्हणाली, "आणि पहिल्या टप्प्याला आमच्याबरोबर चला. अकरा दिवस सलग समुद्रात काढायचेत. तिघं असलो की पाळ्या वाटून घेता येतील. तब्येत ठीक आहे ना?"

"ठणठणीत," मी म्हणालो.

चौतीस वर्षं मी वीजघरात काढली. शेवटची नऊ वर्षं पाळीप्रमुख होतो, माझ्या शब्दावर अख्खं शहर उजळायचं. निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत मला कुणी 'चला' म्हटलं नव्हतं. जो तो 'बसा' म्हणायचा. बँकेत बसा, दवाखान्यात बसा, लग्नकार्यात पंख्याखाली बसा. त्यामुळे ती 'चला' म्हणाली तेव्हा मला काय वाटलं ते मी घरात कुणालाही कळू दिलं नाही. आतल्या खोलीत जाऊन जुनी हत्यारांची पेटी काढली आणि उगाचच पुसत बसलो.

सहा महिने काम चाललं. बोट गोदीच्या आवारात लाकडी टेकूंवर उभी होती. रोज सकाळी डबा घेऊन जायचं, शिडीनं वर चढायचं, मग दिवसभर गुडघे पोटाशी घेऊन काम. घरात भिंतीतून वीज येते, तिची किंमत कुणाला नसते. बोटीवर ती आपणच बनवायची, आपणच साठवायची आणि जपून वापरायची. मागच्या कमानीवर उन्हाची दोन पॅनेलं बसवली. शेजारी एक लहान पवनचक्की. इंजिनाला जोडलेलं जनित्र होतंच, पण ते अडीनडीला. खाली चार बॅटऱ्या, मिळून चारशे ॲम्पिअर-तासांच्या. हे ॲम्पिअर-तास म्हणजे टाकीतलं पाणी समजा. दिवसा भरायचं, रात्री उपसायचं, आणि टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही, नाहीतर बॅटऱ्या मरतात.

जावई सुट्टीच्या दिवशी यायचा आणि पट्टी घेऊन माझ्या मागे मागे फिरायचा. पॅनेलवर एखाद्या दोरीची सावली पडली तरी वीज एकदम घसरते. त्यानं चार सुट्ट्या खर्च करून डोलकाठीची सावली कुठे कुठे पडते ते खडूनं आखलं. मी म्हणालो, "जावईबापू, समुद्रात बोट हलते हो. सावली तुमच्या खडूची वाट बघत थांबणार नाही." तो हसला. तो नेहमी हसतोच, आणि मग स्वतःला हवं तेच करतो.

शेवटी मी वापराचा तक्ता केला आणि बोटीतल्या टेबलाच्या झाकणाला आतून चिकटवला. फ्रीज पन्नास. सुकाणू आपोआप धरणारं यंत्र साठ. रेडिओ आणि बाकीची यंत्रं पंचवीस. दिवे दहा. फोन वगैरे पंधरा. एका दिवसाचे झाले एकशे साठ. त्याखाली मी आणखी एक ओळ लिहिली: गळती, चाळीस.

आता या चाळिसाबद्दल सांगायला हवं.

मला झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी एक मशीन दिलं. रात्री नाकावर मुखवटा चढवायचा, त्याला नळी, नळीच्या टोकाला डबा, तो रात्रभर हवा फुंकत राहतो. मुखवटा लावून मी आरशात एकदाच पाहिलं, पुन्हा पाहिलं नाही. ही गोष्ट फक्त आमच्या हिला ठाऊक. लेक राहायला आली की मी डबा पलंगाखाली सारतो आणि दार लावून घेतो.

"सांगून टाका तिला," ही म्हणायची. "मशीन आहे, सवत नाही."

"आजारी म्हाताऱ्याला कोण पहाऱ्यावर ठेवील? झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्या मशीनला रात्रीचे चाळीस ॲम्पिअर-तास लागतात. ते लिहायचे कुठे? आमच्या वीजघरात एक जुनी पद्धत होती. वीजघराला स्वतःलाही वीज लागते: पंप, पंखे, कार्यालयातले दिवे. आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांच्या क्वार्टरमधलं आंघोळीचं गरम पाणीसुद्धा. ती तार मुख्य मीटरच्या आधीच काढलेली असायची. मीटरला तिचा पत्ता नसे. पुस्तकात ती 'गळती' या रकान्यात जायची. साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं आणि चौतीस वर्षांत कुणी विचारलं नाही. ती चोरी आहे असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नसे. वीजघर आधी स्वतः जेवतं, असं आम्ही म्हणायचो.

मीही तसंच केलं. पुढच्या लहान केबिनमध्ये, जिथे मी झोपणार होतो, तिथे उशाशी एक सॉकेट बसवलं आणि त्याची तार बॅटरीच्या मीटरच्या आधी जोडली. मधे फ्यूज टाकला. काम नेटकं होतं. मीटरला त्याचा पत्ता लागणार नव्हता.

जावयाला मात्र गळती झोंबली. "बाबा, एकशे साठला चाळीस म्हणजे पंचवीस टक्के होतात. इतकी कशी?"

"खारी हवा असते. सांधे गंजतात."

"मी मोजली. सगळी मिळून चार-पाचच्या वर जात नाही."

"मोजून गळती कळत नाही," मी आवाज चढवला. "त्याला वीजघरात केस पांढरे करावे लागतात. उंटावरून शेळ्या हाकू नका."

त्यानं पट्टी गुंडाळून खिशात घातली. मला वाटलं, जिंकलो. मी जिंकल्यावर हा माणूस काय करतो हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात यायला हवं होतं.

महिनाभरानं गेलो तर टेबलाखाली एक नवं यंत्र बसवलेलं. खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारं. दिवसाला पस्तीस ॲम्पिअर-तास खाणारं. त्यानं माझ्या तक्त्यावरचे चाळीस खोडून तिथे पाच केले होते आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: पाणी, पस्तीस.

"कुणाला विचारून?" मी ओरडलो.

उत्तर लेकीनं दिलं. "बाबा, चिडू नका. टाकीतलं पाणी अकरा दिवस दोघांनाच पुरतं. तिसरा माणूस असेल तर हे लागणारच. तुमच्यासाठीच बसवलंय."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. दोघं समोर होती, दिवस होता, बोट जमिनीवर होती. नुसतं म्हणायचं होतं की अरे, त्या चाळिसात माझं एक मशीन आहे. मी म्हणालो, "बरं, बघू," आणि वाकून पेटीतला पाना शोधायला लागलो.

निघण्याआधी तीन दिवसांची चाचणी ठरली. किनाऱ्यापासून लांब जायचं, तीन रात्री काढायच्या, परत यायचं. पहिल्या दिवसापासून आभाळ भरलेलं. पॅनेलं निम्म्यावर आली. वारा इतका मंद की पवनचक्की जांभई दिल्यासारखी एखादा फेरा घ्यायची आणि थांबायची. पण एरवी सगळं छान होतं. माझी पाळी पहाटेआधीची सोडून कुठलीही असायची, ते मी आधीच ठरवून घेतलं होतं; त्या वेळी मला मशीन लावून झोपायचं असे. सुकाणूपाशी बसायचो, लेक चहा आणून द्यायची, शेजारी बसून लहानपणच्या गोष्टी काढायची. वीजघरातला भोंगा वाजला की मी दारात येऊन उभी राहायचे, म्हणाली. मला ते आठवतसुद्धा नव्हतं. इतक्या वर्षांत मी इतका सुखी नव्हतो.

तिसऱ्या संध्याकाळी जावयानं मीटर पाहिला. "चौसष्ट टक्के. बाबा, तासभर इंजिन लावू का?"

दोन रात्रींचे माझे वीस टक्के मीटरला माहीत नव्हते. ते मी मनातल्या मनात वजा केले. उरले चव्वेचाळीस. इंजिन लावायलाच हवं होतं. पण इंजिन लावलं असतं तर बॅटऱ्यांत किती भरलं ते तो मोजणीदार मोजत बसला असता, आणि वीस टक्क्यांचा फरक उघडा पडला असता.

"कशाला?" मी म्हणालो. "सकाळपर्यंत सहज पुरेल."

"तुम्ही म्हणता तर ठीक," तो म्हणाला. माझं त्यानं ऐकलं, असं ते पहिल्यांदाच घडलं.

मला जाग आली ती मशीन बंद पडल्यामुळे. नाकावर मुखवटा, आणि हवा नाही. जीव घाबरून उठलो. वरच्या लहान खिडकीतून उजाडल्याचं दिसत होतं. बॅटऱ्या बसल्या, हे मला तत्क्षणी कळलं. पुढचंही कळलं: बॅटऱ्या बसल्या म्हणजे सुकाणू धरणारं यंत्रही सुटलं. तेवढ्यात बोट एका अंगावर गेली, वळली, आणि वर काहीतरी प्रचंड वेगानं फिरल्याचा आवाज आला. शिडाच्या खालचा आडवा दांडा. मग एक थड असा आवाज, आणि वर पहाटेच्या पाळीला असलेल्या लेकीची किंकाळी.

जावई जिन्याजवळच्या बिछान्यातून उठून धडधडत वर गेल्याचं मी ऐकलं. "बाबा!" तो ओरडला. "बाबा, लवकर या! सुकाणू धरा!"

मी मुखवटा काढला. नळी गुंडाळली. नळी लांब असते, घाईनं गुंडाळली तर सुटते, म्हणून पुन्हा गुंडाळली. डबा सॉकेटमधून काढला. सगळं पिशवीत घातलं, वर स्वेटर कोंबला, चेन ओढली. चेन अडली. ती मागे घेऊन पुन्हा ओढली. मग मी वर गेलो.

किती वेळ लागला ते मला बरोबर माहीत आहे. वीजघरात आम्हाला सेकंद मोजायची सवय असते. सत्तर सेकंद.

वर जावयानं एका हातानं सुकाणू आणि दुसऱ्या हातानं तिला धरलं होतं. दांडा अजून इकडून तिकडे फिरत होता. ती सुकाणूपुढच्या खोलगट बैठकीच्या तळाशी जिन्याकडे तोंड करून पडली होती आणि तिचा उजवा खांदा खांद्यासारखा दिसत नव्हता. मी सुकाणू घेतलं. तो तिच्यापाशी वाकला.

हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. शस्त्रक्रिया करून आत धातूची पट्टी बसवली, दहा आठवडे हात गळ्यात. प्रवास पुढे ढकलला. दवाखान्याच्या व्हरांड्यात जावई माझ्या शेजारी बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी येतं हेही मला माहीत नव्हतं.

"बाबा, चूक माझी आहे. तुम्ही गळती चाळीस लिहिली होती. मी शहाणपणा केला. संध्याकाळी ते पाण्याचं यंत्रही दोन तास चालवलं. तुमचा अनुभव बरोबर होता."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणालो, "होतं असं. मनाला लावून घेऊ नका."

हे मी केलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

पुढच्या आठवड्यात एकटाच गोदीत जाऊन मी ती तार काढून टाकली. सॉकेटचं भोकसुद्धा लाकडाच्या बुचानं बुजवून वर रंग दिला.

दहा आठवड्यांनी लेक घरी आली. हात सुटला होता, पण वर जात नव्हता. आमची ही स्वयंपाकघरात होती. लेक पहिल्यांदा बसली होती तशी माझ्यासमोर खाली बसली नाही, खुर्चीत बसली.

"पुढच्या महिन्यात निघतोय," ती म्हणाली. "बाबा, एक सांगायचं होतं. त्यानं ते पाण्याचं यंत्र काढून टाकलंय. त्याला आता त्याच्याकडे बघवत नाही. म्हणजे पाणी दोघांपुरतंच. त्याला तुम्हाला सांगवेना, म्हणून मी आले."

मला ऐकल्यावर समजायला वेळ लागला. मग सगळं एकदम समजलं. माझी जागा गेली होती, आणि ती माझ्याच गप्प बसण्यानं गेली होती.

"अगं, यंत्र काढू नका!" मी खुर्चीतून उठलो. "त्या यंत्राचा काही दोष नव्हता. ऐक माझं. माझंच एक मशीन होतं. झोपेचं. रात्रीचे चाळीस त्यालाच लागायचे. मीटरच्या आधी जोडलं होतं मी. त्याला म्हणावं, तुझा हिशोब बरोबर होता. यंत्र परत बसवा. मी एक पॅनेल वाढवून देतो, दुपारभराचं काम आहे. सगळं भागेल. मी येऊ शकतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. आश्चर्य वाटल्यासारखी नव्हे.

"मला माहीत आहे, बाबा."

"आईनं सांगितलं?"

"नाही." तिनं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "मी पडले ना, तिथून जिन्यातून आत सरळ दिसत होतं. बोट कलली तेव्हा तुमच्या केबिनचं दार उघडलं होतं. तुमची पाठ होती, तुम्हाला कळलं नाही. तुम्ही नळी गुंडाळत होता. मला आधी वाटलं, दोरी शोधताय. माझ्यासाठी."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"मशीनचं काही नाही हो. ते आधीच सांगितलं असतंत तरी नेलं असतं मी तुम्हाला. दहा आठवडे वाट पाहिली, तुम्ही त्याला सांगाल म्हणून. तो रोज स्वतःला शिव्या देतोय, तुमच्यासमोर देतोय. आणि आज तुम्ही सांगितलंत ते कशासाठी, तर यायला मिळावं म्हणून."

"तसं नाही गं..." मी म्हणालो. पण तसंच होतं.

"त्याला मी काही सांगणार नाही," ती उठली. "त्याला वडील नाहीत. तुम्हाला फार मानतो तो. राहू दे."

मी तरी कुठे सांगितलं? अजून महिना होता. तो दोनदा घरी येऊन गेला, एकदा जेवायलाही थांबला. दोन्ही वेळा मी विषय काढायचा ठरवलं होतं, आणि दोन्ही वेळा हवामानावर बोललो. आमच्या हिनं तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं आहे.

ते निघाले त्याला आज आठ दिवस झाले. बोटीवर उपग्रहावरून चार ओळी पाठवायचं एक यंत्र आहे. जावई रोज सकाळी न चुकता मला लिहितो. बाबा, आज ब्याऐंशी टक्के. बाबा, आज एकोणऐंशी, ऊन उत्तम, पवनचक्की रात्रभर फिरली. बाबा, तुमचं काम अगदी चोख आहे, तुम्ही हवे होता.

मी लिहितो, छान, सांधे कोरडे ठेवा. मग लिहितो, तिचा खांदा कसा आहे, ती काही म्हणते का?

दुसऱ्या दिवशी सकाळी टक्केवारी येते. खांदा बरा आहे, असंही येतं. पुढच्या प्रश्नाचं उत्तर तो कधीच देत नाही. बहुतेक तिला विचारत असेल आणि ती काही सांगत नसेल, आणि त्या भल्या माणसाला ते मला कसं लिहावं ते कळत नसेल.